मुरलेलं कातडं

आप्पांच्या कानावरून रक्ताचा थेंब ओघळला आणि पडला तो नेमका मिठाच्या ढिगलीवर. पडायला जागा काय कमी होती? बांधावर पडता, चिखलात पडता, त्यांच्या स्वतःच्या खांद्यावर पडता, तरी कुणाचं काही गेलं नसतं. पण हंगामातली सगळ्यात पांढरी ढिगली, मुकादम समोर उभा, आणि ढिगलीच्या ऐन टोकावर डाळिंबाच्या दाण्याएवढा लाल ठिपका.

मुकादमाने ठिपक्याकडे पाहिलं, मग आप्पांच्या कानाकडे.

"ही टाकून द्या."

"थेंबभर आहे. वरचं मूठभर काढतो," आप्पा म्हणाले.

"सगळी टाकून द्या म्हणालो मी."

आप्पांनी फळी उलटी धरली आणि दोन तास कंबर मोडून ओढलेलं मीठ परत चिखलात लोटलं. त्यांची थोरली मुलगी बांधावर उभी होती. तिने मान खाली घातली. टोपीचा एवढा एक फायदा होता, मान जराशी वाकवली की अख्खा चेहरा गायब.

"कान बरा होईपर्यंत वाफ्यात उतरू नका. लोक मीठ विकत घेतात, तुमचं रक्त नाही," मुकादम म्हणाला.

शेजारच्या वाफ्यात लांबू होता, मिठागरातला सगळ्यात उंच आणि सगळ्यात तोंडाळ माणूस. तो म्हणाला, "आप्पा, लोक कानाला खडा लावतात. तुम्ही खड्यालाच कान लावलात."

सगळे हसले. आप्पाही हसले. थोरलीला ते आप्पांचं हसणंच जास्त लागलं.

हा कान काही आजचा नव्हता. मागच्या हंगामात त्याच्या वरच्या काठावर खपली धरली. ती पडली, पुन्हा धरली, पुन्हा पडली. आप्पा म्हणायचे, मीठ चावलं. आणि मीठ चावलं तर वर मीठच लावायचं, असा मिठागराचा कायदा. रोज कामावरून सुटताना ते वाफ्यातलं खारं पाणी ओंजळीत घ्यायचे आणि डोळे मिटून, दात आवळून कानावर थापायचे. वर्ष झालं, तरी कान बरा व्हायचं नाव घेईना.

मिठागरात दोन तऱ्हेची माणसं होती, टोपीवाली आणि उघड्या डोक्याची. नवीन येणाऱ्याने तीन हंगाम वेताची टोपी घालायची, परातीएवढी रुंद. तोवर त्याला सगळे 'टोपडं' म्हणणार, मग त्याला मिशा असोत की नातवंडं. तिसरा हंगाम संपताना मुकादमासमोर टोपी उतरवायची, येणाऱ्या नव्याच्या हातात द्यायची आणि स्वतःचा वाफा घ्यायचा. कातडं मुरलं म्हणायचे त्याला. मुरलेल्या कातड्याला ऊन काय करतंय?

या रिवाजाला कारणही होतं, नाही असं नाही. उथळ वाफ्यातलं खारं पाणी दिवसभर तापलं की दुपार कलताना त्याच्यावर मिठाचा पातळ पापुद्रा धरतो. त्याला साय म्हणायचे. ती धरली की लगेच फळीने अलगद ओढून घ्यायची. जरा उशीर झाला की ती बुडते, तळच्या गाळाला मिळते आणि पांढऱ्याचं करडं मीठ होतं. ही साय दिसते फक्त तिरप्या उन्हात, उघड्या डोळ्यांनी, पाण्यावर नजर लावून उभं राहणाऱ्याला. टोपीच्या काठाची सावली पडली की पाणी नुसतं काळं. म्हणून ज्याला साय दिसते तो वाफेकरी, बाकी सगळे ओढणारे नि वाहणारे.

आणि आप्पांसारखी साय कुणालाच दिसत नसे. मधला वाफा त्यांचा होता, एकतीस वर्षं. ते "धरली" म्हणायचे आणि चहूकडच्या फळ्या हलायच्या.

घरी आईने कान धुतला. घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. संध्याकाळी सुद्धा भिंतीला पाठ टेकवत नसे इतक्या तापलेल्या. आईने कोमट पाण्यात फडकं बुडवून खपली भिजवली. ती टोपल्या वाहायची, बांधापासून शेडपर्यंत, डोक्यावर. त्यामुळे तिचा चेहरा अजून गुळगुळीत होता, टोपलीच्या सावलीत जपला गेलेला. मान आणि हात मात्र भाजलेल्या मडक्यासारखे.

"उद्या दवाखान्यात जायचं," ती म्हणाली.

"एवढ्याशा खपलीला?"

"खपलीला नाही. मुकादमाला. बरा झाल्याचं दाखवल्याशिवाय तो उतरू देणार आहे का तुम्हाला?"

जिवासाठी ते गेले नसते, वाफ्यासाठी गेले.

दवाखान्यात दोन बाकडी, एक पंखा आणि एक नर्सबाई. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, त्या दिवशी होते ते. आधी नर्सबाईने कानावर बॅटरी मारली. बराच वेळ बघत राहिली.

"कधीपासून आहे?"

"झाले असतील तीन-चार महिने," आप्पा म्हणाले.

"वर्ष," थोरली म्हणाली. तिला आईने सोबत पाठवलं होतं ते याचसाठी.

"काय लावता?"

"मीठपाणी."

नर्सबाईने पेन खाली ठेवलं. "मीठपाण्यात मासे टिकतात काका, माणसं नाही. टोपी-बिपी घालता की नाही?"

आप्पांच्या तोंडावर हसू आलं, अजाण माणसाला समजावताना येतं तसं. "बाई, माझे केस काय उन्हाने पांढरे झालेत? एकतीस वर्षं उघड्या डोक्याने उन्हात आहे. कातडं मुरलंय आमचं."

"केसांचं मला माहीत नाही. कान मात्र उन्हानेच असा झालाय. शर्टाची वरची दोन बटणं काढा."

आप्पांनी काढली. नर्सबाईने कॉलर बाजूला सारली. मानेवर कातडी जाड, तपकिरी, तिच्यावर आडव्यातिडव्या भेगा, सुकलेल्या तळ्याच्या तळासारख्या. आणि कॉलरच्या खाली बोटभर अंतरावर ती एकदम संपलेली. तिथून पुढे खांदा गोरा, मऊ, एखाद्या तरुण माणसाचा असावा तसा. थोरलीने बापाचा खांदा असा कधी पाहिलाच नव्हता. तिला उगाच चोरून पाहिल्यासारखं वाटलं.

"दोन्ही तुमचंच कातडं आहे, दोन्हीचं वय एकच," नर्सबाई म्हणाली. "हे शर्टाखाली होतं, ते उन्हात होतं. मुरत-बिरत काही नाही. भाजत जातं, आणि भाजलेलं विसरत नाही."

आप्पा बटणं लावायला लागले. बोटं जाड झालेली, बटण काजात जाईना.

डॉक्टरांनी कानाच्या काठाचा तुकडा सुई देऊन कापला, टाके घातले, तुकडा बाटलीत घालून तपासायला पाठवला. निकालाला तीन आठवडे. निघताना नर्सबाईने थोरलीच्या हातातल्या टोपीकडे पाहिलं.

"तू घालतेस, चांगलं आहे."

"अजून दोनेक महिनेच," थोरली म्हणाली. ते सांगताना तिची मान आपोआप ताठ झाली. "तिसरा हंगाम संपतोय ना. मग उतरवणार. मग वाफा मिळतो."

"यांनी किती वर्षांचे असताना उतरवली?"

"मी? एकोणीस," आप्पा पट्टी चाचपत म्हणाले.

"आणि तू किती वर्षांची?"

थोरली टोपीचा काठ बोटांनी चाचपत राहिली. पंखा कुरकुरत फिरत होता.

ते तीन आठवडे घरात कुणी नीट बसलं नाही की नीट निजलं नाही. आप्पा सकाळी उठून सवयीने फळी खांद्यावर घ्यायचे, दारापर्यंत जायचे आणि ती परत कोपऱ्यात टेकवायचे. दिवसभर करायला काही नाही, म्हणून मग फळीचा दांडा काचेने घासून गुळगुळीत करत बसायचे. इतका घासला की तो हातातून निसटायला लागला. थोरली मात्र दोघांचं काम करून यायची. दिवसभर दुसऱ्यांच्या वाफ्यातलं मीठ ओढून संध्याकाळी तिचे हात खांद्यापासून लोंबायचे, जेवताना घास तोंडापर्यंत नेणं सुद्धा काम वाटायचं. पायाच्या भेगांत मीठ गेलेलं असायचं. ती पाय गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून तशीच बसल्या बसल्या झोपायची.

निकाल आला. होता कॅन्सरच. पण काठावरचा, खोल शिरलेला नव्हता, आणि सगळाच्या सगळा निघाला होता.

"वर्षभर उशिरा आलात, तरी वेळेत आलात," नर्सबाई म्हणाली. "नशीब म्हणा. पण हा एक निघाला म्हणून दुसरा येणार नाही असं नाही. ऊन तेच, कातडं तेच. आता उघड्या डोक्याने उतरायचं नाही, कधीच नाही. रुंद टोपी, मानेवर फडकं, पूर्ण बाह्या. तुमच्याकडे ऊन वरून येतं तितकंच खालून येतं, मीठ म्हणजे आरसाच आहे. म्हणून नाका-ओठांवर पण कापड पाहिजे. भर दुपारी सावलीला बसायचं. आणि महिन्यातून एकदा घरातल्यांनी एकमेकांचे कान, नाक, ओठ, हात बघायचे. जखम महिन्यात बरी झाली नाही की सरळ इथे यायचं, मीठ लावत बसायचं नाही."

तिने एक मलमाची ट्यूबही दिली. उन्हात जायच्या आधी लावायची, घामाने जाते म्हणून दर दोन तासांनी पुन्हा, आणि ही आहे म्हणून टोपी सोडायची नाही. आप्पांनी ट्यूब खिशात घातली. वाटेत एवढंच म्हणाले, "बाईमाणूस चांगली आहे. मिठागर बघितलेलं नाही तिने."

दुसऱ्याच दिवशी मुकादम घरी आला. आईने पाणी दिलं. तो उंबऱ्यावरच बसला.

"वाईट वाटतं, पण वाफा रिकामा ठेवता येत नाही," तो म्हणाला. "आप्पा उघड्या डोक्याने उतरणार असतील तर उद्या उतरावं. नसतील तर थोरलीचा तिसरा हंगाम होतोच आहे. परवा टोपी उतरव पोरी, मधला वाफा तुझा. बापाचा लेकीला, कुणी नाव ठेवणार नाही. नाहीतर मग मला दुसरा माणूस बघावा लागेल. तुम्हा तिघांना टोपल्या आहेतच."

तो गेला. मधला वाफा! तीन वर्षं थोरली या दिवसाची वाट बघत होती. आरशासमोर टोपी काढून, हनुवटी वर करून किती वेळा उभी राहिली होती, ते फक्त धाकट्या बहिणीला माहीत होतं, कारण धाकटी एकदा दाराआडून हसली होती. टोपडं, ए टोपडं, फळी धू. टोपडं, पाणी आण. तीन वर्षं हेच. आणि आता मधला वाफा.

"उतरव," आप्पा म्हणाले. "माझा कान आता कापलाय. तुझं कातडं चांगलं आहे, आईवर गेलंय. तुला काही होणार नाही."

"आईचं कातडं टोपलीखालचं आहे," धाकटी म्हणाली. ती शाळेचं दप्तर मांडीवर घेऊन बसली होती.

"तू अभ्यास कर."

"आप्पा, तुम्हीच टोपी घालून उतरा ना," थोरली म्हणाली.

"मी?" आप्पांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्यांना रांगायला सांगितलं होतं. "एकतीस वर्षांनी टोपडं घालू? लांबूसमोर?"

"लांबूच्या नाकावर पण डाग आहे. काळा. वाढतोय तो."

"असू दे. त्याचं नाक आहे."

"म्हणजे कान कापला तरी चालेल," धाकटी वहीत बघत म्हणाली, "नाक कापलं जायला नको. असंच ना आप्पा?"

आप्पांनी तिच्या अंगावर खेकसायला तोंड उघडलं, तेवढ्यात आईला हसू फुटलं. पदर तोंडाला लावून ती हसत राहिली आणि हसता हसता कधी तिचे डोळे भरले ते तिलाही कळलं नाही. दमलेली बाई होती ती. हसणं आणि रडणं एकाच बादलीतून काढत होती.

"मला कुणी विचारत नाही, तरी सांगते," डोळे पुसून ती म्हणाली. "उतरव नाहीतर ठेव, तुझं तू बघ. टोपल्या वाहायची मला लाज वाटत नाही, तुम्हालाही वाटायला नको. पण कान धुवायला मला पुन्हा सांगू नका. एक धुतला. पुरे झाला."

परवाचा दिवस उजाडला. मिठागर तसंच होतं, चौकोनांवर चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात एकेक सूर्य. शेडपुढे सगळे जमले. कडेला एक नवीन बाई उभी होती, टोपी घ्यायला आलेली. आप्पा घरीच राहिले होते.

मुकादम म्हणाला, "चल, उतरव."

थोरलीने हात टोपीच्या काठाला लावला. काठ घामाने मऊ झाला होता. सगळे बघत होते, आणि सगळे उघड्या डोक्याचे. ती एरवी त्यांच्याकडे बघायची ते वाफेकरी म्हणून. आज ती त्यांचे कान बघत बसली. एकाच्या कानावर पांढरट खवले. एकाचा खालचा ओठ कायम फुटलेला. लांबूच्या नाकावर तो डाग. पन्नाशीतली माणसं सत्तरीची दिसत होती, आणि तिने आजवर तेच रुबाबाचं मानलं होतं. नर्सबाईने विचारलेलं तिला ऐकू आलं, आणि तू किती वर्षांची?

तिने हात खाली घेतला.

"वाफा पाहिजे. टोपी नाही उतरवणार."

मुकादमाला आधी कळलंच नाही. "म्हणजे?"

"म्हणजे टोपी घालूनच वाफा करीन."

"साय कशी दिसणार तुला?"

"दिसणार नाही. कळेल."

"कशाने?"

थोरलीने घसा साफ केला. हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं नाही असं तिला वाटायचं. "पायाने."

मग जो हशा पिकला तो पार टोपल्या वाहणाऱ्या बायकांपर्यंत गेला. लांबू म्हणाला, "कानामागून आली आणि—" आणि कान म्हणताच त्याची जीभ अडली. कुणाचा कान ते त्याला आठवलं. उरलेली म्हण त्याने गिळली.

"पायाने," मुकादम म्हणाला. "बरं. आजचा दिवस मधला वाफा तुझ्याकडे. चुकलीस तर टोपलीखाली. चालेल?"

"चालेल."

तीन हंगाम डोक्यावर परात आणि पायाखाली सावली. साय दिसायची नाही म्हटल्यावर थोरली काय करणार? दुसऱ्याचं "धरली" ऐकेपर्यंत पाण्यात उभी राहायची. उभं राहता राहता पायांनाच एक गोष्ट समजत गेली. साय धरायच्या आधी पाणी जड होतं. बोटांच्या बेचक्यांत बारीक चुरचुर सुटते, आधी भेगांत, मग नखांच्या कडेला. मग चुरचुर थांबते, आणि हलला नाहीत तर घोट्याभोवती पापुद्र्याची कड लागते, कुणीतरी दोरा बांधावा तशी. तो दोरा बांधला गेला की साय धरलेली असते. आप्पा "धरली" म्हणायच्या दोन-चार श्वास आधी तिला कळायचं.

पण ते कुणी बघत नसताना. आज सगळं मिठागर बघत होतं. पाय थरथरत होते, आणि थरथरणाऱ्या पायाला चुरचुर कोणती आणि भीती कोणती हे कसं कळावं? दुपार कलायच्या आतच ती "धरली" म्हणून बसली. फळी ओढली, तर पाण्याशिवाय काही नाही. अर्ध्या वाफ्याचं पाणी ढवळून गढूळ झालं.

"काय गं, पाणी ओढतेस?" मुकादम म्हणाला.

तिला टोपी काढून तिथेच चेहरा झाकावासा वाटला. तसं केलं असतं तर तेवढ्यानेच सगळं संपलं असतं. तिने उलट टोपी खाली ओढली, नाकावरचं फडकं वर केलं आणि बाहेर आली. शेडच्या सावलीत जाऊन बसली.

"बसली बघा. वाफेकरी सावलीला बसली," मुकादम म्हणाला.

"दर थोड्या वेळाने पाय टाकून बघते. सारखं उन्हात उभं राहून साय लवकर येत नाही."

त्याने तोंड फिरवलं. ती जात होती, एक पाय पाण्यात टाकून उभी राहत होती, परत येत होती. तिसऱ्या खेपेला चुरचुर सुटली. चौथ्या खेपेला ती परत आलीच नाही. उरलेल्या अर्ध्या वाफ्यात दोन्ही पाय रोवून उभी राहिली, डोळे मिटून, कारण उघडून तरी काय उपयोग होता? घाम पाठीवरून ओघळत होता. डाव्या घोट्याला कड लागली. उजव्याला लागली.

"धरली," ती म्हणाली.

आणि अगदी लगेच, शेजारच्या वाफ्यातून, लांबू ओरडला, "धरली."

तिच्या फळीवर साय आली. पातळ, सलग, पांढरी. अर्धाच वाफा, पण त्या अर्ध्यात कणभर गाळ नव्हता. मुकादमाने चिमूटभर घेतलं, बोटांत चोळलं, जिभेवर ठेवलं. मग मागच्या गढूळ अर्ध्या वाफ्याकडे पाहिलं.

"अर्धा वाफा घालवलास," शेवटी तो म्हणाला.

"हो."

"मधला वाफा मी असा देऊ शकत नाही. चारजण बोलतील." त्याने दूर बोट दाखवलं. "शेवटच्या बांधापलीकडचा घे. कडेचा. बघू हंगामभर."

कडेचा वाफा म्हणजे वाळीत टाकलेला. तिथपर्यंत जायला पाऊण तास, तळ मऊ, पाय घोट्याच्या वर रुततात, आणि मीठ शेडपर्यंत आणायचं तर मानेचा काटा ढिला होतो. मधला वाफा लांबूच्या मेव्हण्याला गेला. टोपी घ्यायला आलेली नवीन बाई रिकाम्या हाताने उभी होती. मुकादम तिला म्हणाला, "तुला कुठूनतरी दुसरी बघतो."

संध्याकाळी तिने घरी सगळं सांगितलं. आप्पांनी फक्त मधल्या वाफ्याचं ऐकलं. "मेव्हण्याला?" असं दोनदा विचारलं आणि फळीकडे पाठ करून झोपले. आईने आप्पांचा एक जुना पांढरा शर्ट काढला, त्याची पाठ कापली आणि लेकीच्या टोपीला मागून मानेवर पडेल असं फडकं शिवलं. उरलेल्या कापडाचं दुसरं एक शिवलं. ते कुणासाठी, हे तीही बोलली नाही आणि कुणी विचारलंही नाही.

आठ दिवस थोरली एकटीच कडेच्या वाफ्यावर गेली. नवव्या दिवशी सकाळी मागे पावलं वाजली. आप्पा होते. खांद्यावर फळी, आणि दुसरा हात पाठीमागे. मधल्या वाफ्याजवळून जाताना लांबू म्हणाला, "काय आप्पा, फिरायला?" आप्पा म्हणाले, "हो, जरा लेकीचं बघून येतो." हात पाठीमागेच. शेवटचा बांध आला, बांधाच्या उताराला माणसं दिसेनाशी झाली, तेव्हा त्यांनी पाठीमागे लपवलेली नवी टोपी पुढे आणली. तिला मागून पांढरं फडकं शिवलेलं होतं. ती त्यांनी डोक्यावर ठेवली, पण अशी मागे सरकवून, की कपाळ आणि दोन्ही कान उन्हातच.

"आप्पा, टोपी."

त्यांनी पुढे ओढली. दोन मिनिटांनी पुन्हा मागे गेली.

"आप्पा."

"अगं, काही दिसत नाही."

"मला कुठे दिसतंय."

भर दुपारी तिने त्यांना चार बांबू उभे करून वर टाकलेल्या चादरीखाली बसवलं. ट्यूब काढून आप्पांच्या कानाला, नाकाला मलम लावलं. कापलेल्या जागी कानाचा काठ सपाट झाला होता, तिथे हलक्या हाताने. ते लहान पोरासारखे मान वाकडी करून बसले होते, पण तोंडाने कुरकुर चालूच होती, की हे चिकट आहे, की असं मीठ कुणी केलेलं नाही, की मेव्हण्याला साय ओळखता येत नाही, मधला वाफा करडा करून टाकणार तो. सगळं खरं होतं. थोरली हूं हूं करत होती. तिचे डोळे मिटत होते.

दुपार कलली. दोघं वाफ्यात उतरले. आप्पांची नजर सवयीने पाण्यावर गेली आणि सावलीवर आपटून परत आली. कितीतरी वेळ ते काळ्या पाण्याकडे बघत राहिले.

"बेचक्यांत चुरचुर होते का बघा," ती म्हणाली. "आणि हलू नका."

आप्पांनी डोळे मिटले.

"धरली," ते म्हणाले.

"नाही अजून."

वारा पडला होता. पांढरं फडकं त्यांच्या मानेवर सरळ लोंबत होतं.

"आता?"

थोरलीने पायाची बोटं जराशी हलवून पाहिली.

"नाही. थांबा."

आप्पा थांबले.